सरांचे पत्ते, डिंपलचे शेरे

नवेगाव बांध
१२ जुलै २००३

प्रिय डिंपल,

आशीर्वाद. ड्रॉइंगच्या मास्तरचं पत्र आलेलं पाहून तू चकित होशील. मागच्या वर्षी मे महिन्यात तू इकडे आली होतीस, तेव्हा ओसरीवर बसून मला तुमच्या कंपनीचा ‘दीपदुर्ग’ शिकवलास आणि लागोपाठ हरवलंसही. जाताना पत्त्यांचा एक कॅट ठेवून गेलीस. तो इतके दिवस कपाटात पडून होता. सध्या मी शाळेतून रजेवर आहे. रजा पुष्कळ साचली होती, वाया जाऊन राहिली होती. म्हणून कॅट काढला आणि रोज पाहत बसलो.

खेळ मला समजला तो असा: दोघांनी खेळायचं, दोघांचा एकेक दुर्ग. दर पाळीला आपला एक दिवा वाढतो. दिवे मोजून पत्ता मांडायचा आणि त्या पत्त्यावरच्या मायावी प्राण्याच्या बळावर समोरच्याचा दुर्ग पाडायचा. चुकत असेल तर सांग.

तू म्हणाली होतीस की कंपनी हौशी लोकांकडून नवे पत्ते मागवते आणि ते तपासून त्यांवर शेरे लिहिण्याचं काम तुझ्याकडे आहे. तर तीन तऱ्हेचे पत्ते पाठवतो. तळ्याची आई, बांधाचा राखणदार आणि सारस जोडपं. चित्र, किंमत, बळ, खालचा मजकूर, सगळं तुमच्या नमुन्याप्रमाणे आहे. दहावीपर्यंत मी तुझी चित्रं तपासली. आता तू माझी तपास. मास्तर म्हणून सूट देऊ नकोस.

फोन करू नकोस. वादळात खांब पडला, लाइन बंद आहे.

तुझा,
देवचंद लंजे सर

डिंपल, मी काकू. हे पत्र मीच लिहून राहिली. सर सांगतात अन् मी लिहितो. इतक्या वर्षांत याहीचं एवढं बोलणं मी कधी ऐकून घेतलं नव्हतं. तू बरी आहेस ना? जेवण वेळेवर करत जा. — शांतीबाई


पुणे
२९ जुलै २००३

आदरणीय सर,

तुम्हाला आणि काकूंना नमस्कार. पाकीट उघडलं तेव्हा मी ऑफिसात होते. शेजारच्या टेबलावरच्या मुलाला म्हटलं, हे माझे सर, यांनी मला पेन्सिल धरायला शिकवली. तो म्हणाला, मग आता तू शेरे कसे लिहिणार? मी म्हटलं, त्यांनी लिहिले तसेच.

तर ऐका. ‘तळ्याची आई’ या पत्त्याची किंमत तुम्ही एक दिवा ठेवली आहे, आणि ती वर आली की समोरच्याचे सगळे पत्ते बुडतात. म्हणजे हा पत्ता ज्याच्या हातात आला तो पहिल्याच पाळीला जिंकला. मग बाकीचे पत्ते छापायचे कशाला? समोर बसलेल्या माणसालाही खेळायला मिळालं पाहिजे, सर. हौशी लोक नेमके इथेच चुकतात. त्यांना आपला लाडका प्राणी हरलेला बघवत नाही.

‘बांधाचा राखणदार’ यावर तुम्ही आपल्याकडच्या कोहळी लोकांनी तलाव कसे बांधले, माती कशी दाबली, पाट कसे काढले, सगळं लिहिलं आहे. वाचायला मला आवडलं. पण पत्ता तळहाताएवढा असतो आणि तुमचा मजकूर मुंगीएवढा झाला आहे. इतकं वाचूनही तो राखणदार खेळात करतो काय, ते कळत नाही. तो नुसता उभा आहे.

‘सारस जोडपं’ ही कल्पना तिन्हींत चांगली. दोन पत्ते, दोघं सोबत असले की बळ वाढतं. पण एक पडला की दुसरा डाव संपेपर्यंत जागचा हलत नाही, असं तुम्ही लिहिलंय. असा पत्ता कोणी आपल्या कॅटमध्ये घेणार नाही.

आता चित्रांबद्दल. लिहू की नको, असं झालं होतं, पण तुम्ही सूट देऊ नको म्हणालात. सर, या रेघा तुमच्या वाटत नाहीत. तुम्ही फळ्यावर एका दमात मोराची मान काढायचात. इथे सारसाची मान तीन ठिकाणी तुटली आहे, छायाही उलट्या बाजूने भरली आहे. घाईत काढलीत का? घाई असेल तर पाठवू नका. मी थांबेन.

तुमची,
डिंपल


नवेगाव बांध
२० ऑगस्ट २००३

प्रिय डिंपल,

शेरे मिळाले. पहिल्या दिवशी मी ते पत्र उशीखाली ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी तुझ्या काकूला म्हटलं, पुन्हा वाच. तिसऱ्या दिवशी मान्य केलं की तळ्याच्या आईबद्दल तुझं बरोबर आहे. आता तिची किंमत सहा दिवे आणि ती आली की दोघांचेही पत्ते बुडतात, आणणाऱ्याचेसुद्धा. पाण्याला आपला-परका कळत नाही, हे मला आधीच सुचायला हवं होतं. राखणदाराचा इतिहास खोडला. आता एवढंच लिहिलं आहे: ‘हा उभा असेपर्यंत मागच्या पत्त्याला कोणी हात लावू शकत नाही.’ बघ जमतं का.

सारस मात्र मी बदलणार नाही. सारस तसाच असतो. धानाच्या बांधीत आम्ही लहानपणापासून पाहिलं आहे. जोडीतला एक गेला की दुसरा खात नाही, उडत नाही. जे खरं आहे ते मी काढलं.

रेघांबद्दल म्हणशील तर तळ्याकाठचं चित्र आहे, पाणी हलतं, रेघ हलली. म्हाताऱ्या माणसाने नवीन तऱ्हा धरली असं समज.

दिवाळीनंतर इकडे यायचा विचार असेल तर सध्या राहू दे. आम्ही बहुतेक नागपूरला असू, काकूच्या भावाकडे. नक्की कळवतो.

तुझा,
सर

डिंपल, तुले एक गोष्ट सांगायची होती, पण हे कागदावरच पाहून राहिले. जाऊ दे. — काकू


पुणे
१४ सप्टेंबर २००३

आदरणीय सर,

तळ्याची आई आता खरा पत्ता झाली. ऑफिसात आम्ही दोघांनी ती कॅटमध्ये घालून खेळून पाहिली. मी सहा दिवे जमेपर्यंत दबा धरून बसले, समोरच्याला संशय आला, त्याने मुद्दाम कमी पत्ते मांडले. त्या नुसत्या भीतीनेच डाव रंगला. राखणदारही चांगला. मजकूर पहिल्याच वाचनात कळतो.

पण सारसावर मी अडून बसणार. खरं आहे म्हणून ते पत्त्यावर चालेल, असं नसतं. एक पडला आणि दुसरा डाव संपेपर्यंत नुसता बसून राहिला, तर खेळणाऱ्याच्या हातात काय उरलं? त्याला काहीतरी करता आलं पाहिजे. अगदी थोडंसं का होईना.

आणि रेघ. ‘पाणी हललं म्हणून रेघ हलली’ हे उत्तर मी आठवीत दिलं असतं तर तुम्ही माझी वही खिडकीबाहेर टाकली असती. दुसऱ्या खेपेची चित्रं पहिल्यापेक्षा बरी आहेत, पण बरी म्हणजे शिकाऊ माणसाची बरी. मला कळत नाही तुम्हाला काय झालंय. कंटाळा आलाय का चित्रांचा?

नोव्हेंबरात कंपनीच्या कामाने मी नागपूरला येते आहे. तुम्ही नागपुरात असाल तर काकूंच्या भावाचा पत्ता कळवा. नाहीतर मीच बसने नवेगावला येऊन जाईन. तुमच्या हातच्या नव्या पत्त्यांसाठी तरी.

तुमची,
डिंपल


पुणे
१ डिसेंबर २००३

आदरणीय सर,

तुमच्याकडे होते त्या दिवशी मला बोलता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

तुमचं उत्तर आलं नाही, तेव्हा मी न कळवताच आले. फाटकातून पाहिलं तर तुम्ही ओसरीवर बसला होतात. पाटावर कागद, कागद सरकू नये म्हणून त्यावर दगड, आणि पेन्सिल डाव्या हातात. उजवा हात मांडीवर ठेवलेला होता, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. मला पाहून तुम्ही पाट उलटा करू लागलात. तो पडला. तुम्ही काहीतरी म्हणालात आणि मला एक अक्षरही कळलं नाही. मग आतून काकू आल्या आणि म्हणाल्या, “ये म्हणून राहिले, डिंपल. ये, आत ये.”

काकूंनी चुलीपाशी सगळं सांगितलं. फेब्रुवारीत लकवा मारला, उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. गोंदियाच्या दवाखान्यात किती दिवस काढले. शाळेने रजा दिली, पण पुढे काय ते कोणी बोलत नाही. फोनचा खांब कधी पडलाच नव्हता. “तुह्याशी बोलाची लाज वाटे त्याहीले,” काकू म्हणाल्या. “म्हणे, तिच्या मनात माहा आवाज होता तसाच राहू दे.”

आणि मी लिहिलं होतं की कंटाळा आलाय का.

ते शब्द मला परत घेता येत नाहीत. निघताना तुम्ही नवीन तीन पत्ते दिलेत, ते मी परतीच्या प्रवासात पुन्हा पुन्हा पाहिले. पाणमांजर, मोहाखालचं अस्वल, दलदलीचा दिवा. तिन्ही छान आहेत, सर. रेघाही छान आहेत. किमतीही बरोबर आहेत. मी तिन्हींवर शेरा लिहून सोबत पाठवते आहे. सारसही होता तसाच ठेवा. तोही छान आहे. तुम्ही फक्त काढत राहा.

तुमची,
डिंपल


नवेगाव बांध
११ डिसेंबर २००३

डिंपल,

तीनही पत्ते परत पाठवतो आहे. त्यांवर तू ‘छान’ लिहिलं आहेस.

दलदलीच्या दिव्याची किंमत मी चुकून शून्य लिहिली होती. ती मला तुझं पत्र आल्यावर दिसली. तुला न दिसणं शक्य नाही. म्हणजे तू पाहिलीस आणि सोडून दिलीस.

फेब्रुवारीपासून मला सगळे छान म्हणतात. घोटभर चहा न सांडता प्यालो की छान. परसापर्यंत चालत गेलो की छान. हेडमास्तर आले, मी ‘या’ म्हणालो, त्यांना ते ‘आ’ ऐकू आलं, तरी म्हणाले, फार छान बोलता आता. माझं चुकतं आहे असं सांगणारं एकही माणूस राहिलं नव्हतं. तुझी पत्रं तेवढी होती. तू रेघेला शिकाऊ म्हणालीस तेव्हा मी दोन दिवस चिडलो होतो आणि मग सकाळी उठून पन्नास माना काढल्या होत्या. सारसाच्या. डाव्या हाताने. हे पत्ते काढायला बसण्याआधी मी दिवसभर भिंत पाहत बसत होतो, हे काकूला विचार.

तुला माझी दया आली असेल तर ती तुझ्याजवळ ठेव. पत्ते नीट तपासायचे असतील तरच पुढे लिही.

देवचंद लंजे

डिंपल, सर लय रागावले आहेत, पण तू घाबरू नको. राग आला म्हणजे शब्द साफ निघतात, हे मी पाहून ठेवलं. आता माह्यं ऐक. ते सारसाचं मले पहिल्यापासून पटलं नव्हतं. एक पडला का दुसरा बसून राहते, हे कोणं सांगितलं? मी का बसून राहिली? गाई पाहतो, धानाचं पाहतो, याहीची आंघोळ पाहतो, वरून हे पत्र लिहितो. मी सरांले म्हटलं, पत्त्यावर लिहा, एक पडला का दुसऱ्याच्या अंगात दोघाचं बळ येते. ते म्हणाले, डिंपलले विचार. म्हणून विचारून राहिली. — काकू


पुणे
२ जानेवारी २००४

आदरणीय सर,

दलदलीच्या दिव्याची किंमत शून्य मला पहिल्या नजरेत दिसली होती. सोडून दिली, हे खरं. पुन्हा होणार नाही.

आता शेरे. दलदलीचा दिवा: किंमत दोन करा आणि ‘समोरचा भुलतो’ म्हणजे नक्की काय होतं ते लिहा. भुललेला पत्ता एक पाळी गप्प राहतो की आपल्या बाजूला येतो? मोहाखालचं अस्वल: चित्रात अस्वल कुठे संपतं आणि झाड कुठे सुरू होतं ते मला दोनदा शोधावं लागलं. पुन्हा काढा. पाणमांजर: सगळ्यात चांगला. पाठीची रेघ एका दमात आली आहे. ती डाव्या हाताची आहे आणि ती उजव्याची नक्कल करत नाही. आधीच्या सगळ्या चित्रांत तुम्ही जुनी रेघ आणायला बघत होतात, म्हणून ती तुटत होती. पाणमांजराची वेगळी आहे, जराशी वाकडी, पण तिला ओढ आहे. तीच धरा.

काकू, तुमचा नियम मला फार आवडला, पण तोही तपासावा लागेल. एक पडला की दुसऱ्याच्या अंगात दोघांचं बळ आलं, तर खेळणारा मुद्दाम एकाला मारून टाकेल. म्हणून मी म्हणते, बळ येऊ दे, पण मग दर पाळीला त्याच्यासाठी एक दिवा जास्त जाळावा लागेल. एकट्याने दोघांचं ओढायचं तर माणूस थकतो. तुम्ही थकता, हेही पत्त्यावर आलं पाहिजे.

एक वाईट बातमी आहे. कंपनीने हौशी पत्त्यांची मालिका बंद केली. आलेली सगळी पाकिटं गोदामात गेली आणि मला खोक्यांवरची चित्रं करायला बसवलं. म्हणजे तुमचे पत्ते कंपनी छापणार नाही. तुम्हाला थांबायचं असेल तर मला समजेल. पण मी थांबू इच्छित नाही. सध्या दिवसभरात मला आपलं वाटेल असं हे एवढंच काम आहे.

शनिवारी मी आणि दोन मैत्रिणी तुमच्या पत्त्यांनी खेळलो. हाताने केलेले पत्ते, वरचा मजकूर समोरून वाचता येईना, म्हणून आम्ही मांडताना पत्त्याचं नाव मोठ्याने म्हणू लागलो. त्याने मजा आली. हा नियमच करू या का? नाव स्पष्ट म्हटलं नाही तर पत्ता परत हातात.

तुमची,
डिंपल


नवेगाव बांध
२५ जानेवारी २००४

प्रिय डिंपल,

कंपनीचं कळलं. थांबणार नाही. छापतील म्हणून काढायला बसलो होतो, हे खरं. पण आता ती गोष्ट मागे पडली.

तुझा नवा नियम वाचून मात्र मी काकूला म्हटलं, हा नियम खेळासाठी नाही, माझ्या जिभेसाठी आहे. गोंदियाचे डॉक्टर म्हणाले होते, मोठ्याने बोला, आणि काकूने तुला चुलीपाशी ते सांगितलं असणार. खोडून टाकायचं ठरवलं. काकू म्हणाली, खेळल्याशिवाय कायले खोडता?

आमच्या शेजारी बिसराम राहतो. तळ्यावर मासे धरतो. त्याला आणि दुर्गेश्वरीला, म्हणजे त्याच्या सुनेला, मी खेळ शिकवला होता. काल दुपारी बिसराम आणि मी माझ्या पत्त्यांच्या दुसऱ्या प्रती घेऊन खेळायला बसलो. डाव माझ्या बाजूने झुकला होता. मी हातातलं पाणमांजर काढलं. माझ्या ओठांना प म्हणता येत नाही, ते मिटतच नाहीत. मी म्हणालो, “आणआंजर.”

बिसराम म्हणाला, “मास्तर, असं कोणतं जनावर नाही. पत्ता उचला.”

काकू आतून बाहेर आली. “बिसराम, शरम नाही वाटत? त्याहीले येत नाही म्हणून माहीत आहे ना तुले?”

“माहीत आहे, वहिनी. पण नेम म्हणजे नेम. हे मांडलं तं मी हारलो.”

मी काकूला हाताने थांबवलं. डाव्या हाताने खालचा ओठ वर दाबला आणि पुन्हा म्हणालो. वारा निघाला, प निघाला नाही. दुर्गेश्वरीने तोंड फिरवलं. बिसराम मात्र माझ्या तोंडाकडे असा पाहत होता जसा जाळ्याकडे पाहतो. पुन्हा दाबला. त्या खेपेला फट् असा आवाज आला, थुंकी उडाली आणि त्यामागून पाणमांजर आलं. सगळं, शेवटपर्यंत.

बिसराम म्हणाला, “आता बरोबर,” आणि हारला. हारल्यावर लगेच पत्ते पिसून दुसरा डाव मांडायला बसला. त्याला माझी दया अजिबात आली नव्हती. त्याला फक्त हारायचं नव्हतं.

नियम राहू दे. तो कोणासाठी केला ते आता मी विचारणार नाही.

अस्वल पुन्हा काढलं आहे. भुललेला पत्ता एक पाळी गप्प राहतो. काकूचं म्हणणं, सारसाला एक दिवा जास्त हे बरोबर आहे, लिहा.

तुझा,
सर


पुणे
१९ एप्रिल २००४

आदरणीय सर,

सोबतचं खोकं जपून उघडा. आत पूर्ण कॅट आहे, तुमचे सगळे पत्ते, दोन्ही खेळणाऱ्यांसाठी. मागच्या सगळ्या पत्रांत आपण ज्याच्यावरून भांडलो ते सगळं त्यात आहे. ज्या मैत्रिणी शनिवारी खेळायला येतात, त्यांतल्या एकीच्या वडिलांचा छापखाना आहे, लग्नपत्रिका छापतात. लग्नसराईच्या कामातून वेळ मिळेपर्यंत त्यांनी थांबायला लावलं, म्हणून उशीर. कागद पत्रिकेचाच आहे, म्हणून थोडा चमकतो. कडा आम्ही तिघींनी बसून गोल कापल्या.

छापून आल्यावर चुका दिसल्या, त्याही सांगते. राखणदाराचा हिरवा रंग फार काळपट उतरला. दलदलीच्या दिव्यावर मी एक ओळ गाळली, ती हाताने लिहून घ्या. आणि तुमच्या कॅटमध्ये स्वस्त पत्ते कमी आहेत. सुरुवातीच्या पाळ्यांत खेळणारा रिकाम्या हाताने बसतो. एक-एक दिव्याचे लहान प्राणी हवेत. तुम्हाला मोठी जनावरंच काढायला आवडतात, हे माझ्या लक्षात आलं आहे.

मी कंपनी सोडलेली नाही. पण आम्ही तिघींनी ठरवलंय की गोदामातल्या हौशी लोकांना एकेक करून लिहायचं: तुमचे पत्ते आम्ही वाचू, छापण्याचं वचन नाही, शेरे मात्र मिळतील. साहेबांनी त्यांचे राहण्याचे पत्ते उतरवून न्यायला परवानगी दिली. पहिली उत्तरं आलीसुद्धा. भुसावळचे एक आजोबा आहेत, त्यांची सगळी पात्रं रेल्वेची भुतं आहेत.

तुमची शाळा जूनमध्ये सुरू होईल. तुम्ही काही लिहीत नाही, म्हणून मी विचारते. रुजू होणार आहात का?

तुमची,
डिंपल


नवेगाव बांध
१६ जुलै २००४

प्रिय डिंपल,

हे पत्र मी माझ्या हाताने लिहितो आहे, डाव्या. म्हणून लहान असेल आणि ओळी उताराला लागतील. काकू धानाच्या रोवणीला गेली आहे, तिला वेळ नाही.

मी रुजू झालो. हेडमास्तर भला माणूस आहे, पण त्याने स्पष्ट विचारलं, “लंजे सर, मुलांना तुमचं बोलणं कळेल का?” मी म्हणालो, मलाही माहीत नाही, एक महिना पाहू.

पहिल्या तासाला पोरं हसली. मी ‘बसा’ म्हणालो, मागच्या बाकावरून कोणी तसंच म्हणून दाखवलं आणि वर्ग हसला. मी फळ्यावर डाव्या हाताने पाणमांजर काढलं. ते पाहायला पोरं बाकांवरून उठली. मग पिशवीतून कॅट काढला, दोन पोरांना पुढे बोलावलं आणि खेळ शिकवला. नावं म्हणायच्या नियमासकट. आता पंधरा दिवसांत अशी गत आहे की माझ्या ‘ब’ आणि ‘म’ मधला फरक हेडमास्तरला कळत नाही, पण सातवीला कळतो. मी चुकलो की अख्खा वर्ग ओरडतो, “पत्ता उचला, सर.” परवा हेडमास्तरने दारात उभं राहून ते ऐकलं. महिना व्हायचा होता, तरी म्हणाला, वेळापत्रकात तुमचं नाव पक्कं करतो.

पण मी लिहायला बसलो ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. सातवीत रिंकी म्हणून एक मुलगी आहे, बाप नागझिऱ्याला जंगलात कामाला आहे. डाव चालू असताना ती उठली आणि म्हणाली, “सर, तुमच्या खेळात लहान काहीच नाही. सगळे मोठे मोठे आहेत. आम्हाला वाट पाहत बसावं लागते.” तू लिहिलं होतंस तेच. मी म्हणालो, मग तू काढून आण.

आणलं. आणि तिचं पाहून बाकीच्यांनी आणलं. माझ्या टेबलावर आता पुठ्ठ्यांचा ढीग आहे, साबणाच्या खोक्यांचे, लग्नपत्रिकांचे, एक तर चपलेच्या खोक्याचा. काजवा, मुंगळा, चिखलातला खेकडा. किमती सगळ्या चुकलेल्या. प्रत्येकाचा प्राणी सगळ्यांना मारतो.

रिंकीचा तेवढा वेगळा आहे. नाव ‘रानडुकरीण’. बळ शून्य. ती कोणालाच मारत नाही. पण तिच्यामागे तिची पिल्लं आहेत, म्हणून तिच्या वाटेला कोणी जात नाही. समोरच्याला तिला वळसा घालूनच जावं लागतं आणि त्यात त्याची एक पाळी जाते. मी विचारलं, किंमत किती? म्हणाली, “एक दिवा.” मी म्हणालो, एका दिव्यात फार झालं, तीन कर. तर म्हणते, “सर, तुम्ही डुकरीण पाहिली आहे का? ती कोणाला विचारून येत नाही.”

मी दोन दिवस खेळून पाहतो आहे. एक दिवा कमी वाटतो, तीन जास्त वाटतात, आणि दोन म्हटलं की पोरगी रुसणार. पण एक आत्ताच सांगतो, चित्रात मागच्या पिल्लाला पाच पाय आहेत आणि ते मी तिला दाखवणार आहे. पत्ता सोबत पाठवला आहे. तुझं मत कळव, पण मी तिला माझं सांगून टाकलेलं असेल.

मधली सुट्टी संपली. पोरं दारात उभी आहेत, आपापले पुठ्ठे घेऊन. मी वर्गात जातो.

तुझा,
देवचंद सर